बाहेर दिलेले काम, घरात राहिलेली जबाबदारी

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा कापूसपट्ट्यातला तालुका असून, एकाच कामाचे टप्पे पाडून ते निरनिराळ्या हातांकडे सोपवण्याची रीत या भागाला इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून परिचयाची आहे. शेतकरी कापूस पिकवतो, जिनमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये रुईची सुमारे १७० किलोची गाठ बांधली जाते, आणि सूत व कापड दूरच्या गिरण्यांत तयार होते. १९७० मध्ये स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ, म्हणजेच शेतकऱ्यांच्या तोंडची ‘सीसीआय’, हमीभावाने कापूस खरेदी करते. परंतु रुई काढण्याचे व गाठी बांधण्याचे काम ते निविदा मागवून खासगी जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांकडून ठरलेल्या दराने करून घेते. कापूस एकाचा, यंत्रे दुसऱ्याची आणि मध्ये लेखी करार, अशी ही व्यवस्था आहे. स्वतःच्या व्यवसायातील एखादे काम मोबदला देऊन बाहेरच्या व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून करून घेणे याला आज आउटसोर्सिंग म्हणतात. ते काम नोकरी न पत्करता, एकाच वेळी अनेक ग्राहकांसाठी स्वतंत्रपणे करणारी व्यक्ती म्हणजे फ्रीलान्सर.

तूरडाळ, तिखट, कुरडया-पापड किंवा सुती वस्त्रे तालुक्याच्या गावातून ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या व्यवसायाला ही पद्धत आज सहज उपलब्ध झाली आहे. मालाची छायाचित्रे काढणे व ती स्वच्छ करणे, संकेतस्थळ उभारणे, वस्तूंची वर्णने मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहिणे, समाजमाध्यमांवरील जाहिराती चालवणे, हिशेब लिहिणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे आणि ग्राहकांच्या संदेशांना उत्तरे देणे ही सारी कामे एकाच माणसाला येणे अवघड असते, आणि प्रत्येकासाठी पगारी माणूस ठेवणे परवडत नाही. २०१० मध्ये सुरू झालेले फायव्हर आणि २०१५ पासून आजच्या नावाने चालणारे अपवर्क यांसारख्या मंचांमुळे नागपूर, पुणे किंवा परदेशातील कारागिराशीही घरबसल्या व्यवहार करता येतो. मात्र अशा व्यवहाराचे यश स्वस्त माणूस मिळण्यावर फारसे अवलंबून नसते. कोणते काम द्यायचे, ते कसे मोजायचे आणि तयार झालेली वस्तू कोणाची, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरले आहे की नाही, यावर ते अवलंबून असते.

काम घरात करावे की बाहेरून घ्यावे, या प्रश्नाचे मूलगामी विवेचन रोनाल्ड कोस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात केले. त्यांना १९९१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाजारातून काम करून घेताना केवळ किंमत द्यावी लागत नाही, तर योग्य माणूस शोधणे, त्याच्याशी बोलणी करणे, करार करणे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे यांचाही खर्च येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या खर्चाला पुढे व्यवहारखर्च हे नाव रूढ झाले. छोट्या व्यवसायात तो पैशांत दिसत नाही, मालकाच्या वेळेत दिसतो. पाचशे रुपयांचे काम समजावून सांगण्यात आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेण्यात मालकाचे दोन दिवस जात असतील, तर ते काम पाचशे रुपयांचे राहत नाही. म्हणून जे काम वारंवार करावे लागते, जे शब्दांत नेमके सांगता येते आणि झाल्यावर पटकन तपासता येते, ते बाहेर देण्यास सर्वांत योग्य ठरते. छायाचित्रांची पार्श्वभूमी पांढरी करणे अशा कामांत मोडते. मालाची प्रत ठरवणे, भाव ठरवणे आणि चिडलेल्या ग्राहकाची समजूत घालणे यांत मात्र व्यवसायाचे अनुभवजन्य ज्ञान गुंतलेले असल्याने ती मालकाने स्वतःकडे ठेवणेच श्रेयस्कर असते.

मोजमापाच्या बाबतीत कापसाच्या व्यवहारापासून बरेच शिकता येते. जिनमध्ये कापूस वजन करून जातो, रुई व सरकी वजन करून बाहेर येते, शंभर किलो कापसातून किती रुई निघाली याला रुईचा उतारा म्हणतात, आणि उतारा व घट यांवरून कारखान्याच्या कामाची पारख होते. संगणकावरील कामाला असा काटा आपोआप मिळत नाही, तो करारातच तयार करावा लागतो. ‘चांगले संकेतस्थळ बनवून द्यावे’ हे कामाचे वर्णन नव्हे. पाने किती, कोणत्या भाषांत, मोबाइलवर नीट दिसण्याची अट, पैसे भरण्याची सोय, दुरुस्तीच्या किती फेऱ्या मोबदल्यात धरल्या आहेत आणि अंतिम तारीख कोणती, एवढे लिहिले की काम मोजण्याजोगे होते. मोठे काम देण्यापूर्वी एक लहान नमुना मोबदला देऊन करून घेणे आणि रक्कम टप्प्याटप्प्याने देणे दोन्ही बाजूंना सुरक्षित असते. अनेक मंचांवर ग्राहकाची रक्कम आधी मंचाकडे जमा होते आणि काम मंजूर झाल्यावर ती फ्रीलान्सरला मिळते. या व्यवस्थेला एस्क्रो म्हणतात, आणि मंच त्यासाठी आपले शुल्क किंवा दलाली घेतो.

मालकीच्या प्रश्नावर मात्र कापूस आणि संगणक यांच्या वाटा वेगळ्या होतात. जिनमध्ये गेलेला कापूस देणाऱ्याचाच राहतो, कारण कच्चा माल त्याचा असतो. लेखन किंवा संगणक-प्रणाली करणाऱ्याच्या बुद्धीतून निर्माण होते, म्हणून भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७ सामान्यतः निर्मात्यालाच पहिला मालक मानतो. नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, विरुद्ध करार नसल्यास, मालकाचे होते. स्वतंत्र व्यावसायिकाने केलेले काम मात्र केवळ पैसे दिल्याने मालकाचे होत नाही. मोबदला देऊन काढून घेतलेली छायाचित्रे आणि चित्रफिती याला अपवाद आहेत. हक्क हस्तांतरित करायचा असेल तर तो लेखी आणि हस्तांतर करणाऱ्याच्या सहीनिशी असावा लागतो, आणि त्या लेखात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे, तर क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते समजले जाते. बोधचिन्ह, वर्णने आणि संकेतस्थळ यांचे हक्क कोणाकडे, किती काळ आणि कोठे असतील, हे सांगणारी चार ओळींची सहीबंद नोंद त्यामुळे मोठ्या वादापासून वाचवू शकते.

याच न्यायाने संकेतस्थळाचे नाव, पेमेंटचे खाते आणि समाजमाध्यमांवरील पाने ही सुरुवातीपासून व्यवसायाच्याच नावाने नोंदवलेली असावीत, फ्रीलान्सरला त्यांत कामापुरता प्रवेश द्यावा आणि काम संपताच तो काढून घ्यावा. ग्राहकांचे पत्ते व मोबाइल क्रमांक बाहेरच्या व्यक्तीकडे देताना विशेष दक्षता आवश्यक आहे, कारण टप्प्याटप्प्याने अमलात येणारा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अशा माहितीची जबाबदारी मूळ व्यवसायावरच ठेवतो. जाहिरातीतील खोट्या दाव्यालाही हेच लागू आहे. फ्रीलान्सरने लिहिलेल्या मजकुरामुळे ग्राहकाची दिशाभूल झाली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मजकूर लिहिणारा दुसरा होता असे म्हणून विक्रेत्याला हात झटकता येत नाहीत.

पैशांचे नियम समजून घेतल्यास फारसे किचकट राहत नाहीत. मोबदला देताना कापून सरकारकडे भरायच्या प्राप्तिकराला टीडीएस म्हणतात. व्यक्तीच्या नावे चालणाऱ्या व्यवसायाची आधीच्या वर्षाची उलाढाल एक कोटी रुपयांच्या आत असेल, तर अशा मोबदल्यावर ही कपात सहसा करावी लागत नाही. भागीदारी संस्था व कंपनी यांना ही सवलत नाही. महाराष्ट्रात केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असल्यास त्याला सामान्यतः जीएसटी नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे पुष्कळ फ्रीलान्सर करविरहित साधे बिल देतात. फ्रीलान्सरने सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार त्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. पैसे थकवणे म्हणजे काटकसर नव्हे, याची ही कायदेशीर जाणीव आहे.

राळेगावसारख्या गावाने या व्यवहाराकडे केवळ काम देणाऱ्याच्या बाजूने पाहणे अपुरे ठरेल, कारण तेथील शिकलेला तरुण किंवा तरुणी काम घेणाऱ्याच्या बाजूलाही बसू शकते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते, म्हणजे रूढ मालक-नोकर संबंधाबाहेर राहून काम करणारे लोक, आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटींवर जाईल असा अंदाज त्यात मांडला आहे. या वर्गाला पगारी रजा नसते, आजारपणात उत्पन्न थांबते आणि दराच्या चढाओढीत सौदाशक्ती कमी पडते. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही: इचलकरंजीत व्यापाऱ्याचे सूत घेऊन स्वतःच्या मागावर मजुरीने कापड विणून देणारे ‘खर्चीवाले’ यंत्रमागधारक आणि सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया यांच्या मजुरीचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजत आला आहे. घरी विड्या वळणाऱ्यांना १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामगार म्हणून मान्यता दिली, तर गिग कामगारांची व्याख्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये प्रथमच झाली.

म्हणून छोट्या व्यावसायिकाने फ्रीलान्सरकडून कामाचे फळ मागावे, हजेरी मागू नये. रोज ठरावीक तास बसवून, प्रत्येक हालचालीवर हुकूम चालवून काम घ्यायचे असेल, तर तो माणूस व्यवहारात नोकर ठरतो आणि त्याला नोकराचे हक्क देणे न्याय्य होते. आरंभ करणाऱ्याने एकच सोपे काम निवडावे, त्याचे वर्णन एका पानावर लिहावे, मालकी व मोबदला त्याच पानावर नोंदवावा आणि काम संपल्यावर मालकाचा किती वेळ खरोखर वाचला याचा हिशेब करावा. वाचलेला वेळ मालाची प्रत सुधारण्याकडे आणि ग्राहकाशी नाते जोडण्याकडे वळत असेल, तरच दुसरे काम बाहेर देण्यास आधार मिळतो. अन्यथा घरात केलेले कामच स्वस्त पडते.