दमानं घ्या

चारठाण्यात घोडा दिसतो तो लग्नसराईत. नवरदेवाला पाठीवर घेऊन परण्याला मारुतीपर्यंत जायचं आणि बँडच्या गोंगाटात बुजायचं नाही, एवढंच त्याचं काम. शर्यतीच्या घोड्याशी गावाचं नातं कधी जुळलं नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि हैदराबादेत मलकपेटला १८८६ मध्येच घोडे धावू लागले होते. पण राजधानीची मजा राजधानीतच राहिली, इकडून फक्त सारा गेला. मुंबईचं महालक्ष्मी तर आणखीच लांब.

म्हणून गेल्या दहाएक वर्षांत पोरांच्या फोनमध्ये शर्यतीचे तबेले उभे राहिले याचं अप्रूप वाटतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि खेळ उतरवून घ्यायला कुणाला विचारायची गरज उरली नाही. सुरुवातीचे खेळ पोरकट होते. घोडा पळायचा, आपण काचेवर बोटं आपटायची. नवख्याला सल्ला द्यायचा तर एकच, चार्जर जवळ ठेव.

घोडा घडवण्याचा खेळ मात्र या फोनपेक्षा जुना. जपानमध्ये १९९१ साली ‘डर्बी स्टॅलियन’ निघाला, टीव्हीला जोडायच्या निन्टेंडोच्या यंत्रावर. त्यात घोड्यावर बसायचंच नव्हतं. नर-मादी निवडायची, शिंगरू वाढवायचं, सराव ठरवायचा आणि शर्यत सुरू झाली की हाताची घडी घालून बघायचं. जे करायचं ते आधीच करून झालेलं असतं. पुढच्या बऱ्याच खेळांनी हाच साचा उचलला.

मधे पैशाची हवा आली. ऑस्ट्रेलियातल्या ‘झेड रन’मध्ये डिजिटल घोडे क्रिप्टोच्या चलनात विकले जात आणि २०२१ च्या सुमारास काहींना लाखो रुपयांचे भाव आले. तिथे घोड्याची कुवत जन्मतःच ठरलेली. चंदी नाही, खरारा नाही, रपेट नाही. त्यामुळे नवख्याला मिळणारा सल्लाही घोड्याचा नसे, बाजाराचा असे. मला तो प्रकार तबेल्यापेक्षा मटक्याच्या जवळचा वाटला. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला होता. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली.

त्याच वर्षी, जूनमध्ये, ‘उमा मुसुमे’ इंग्रजीत आला. जपानमध्ये तो २०२१ पासून चालू होता. यात घोड्यांची नावं खरी, रूप मात्र कान-शेपूट असलेल्या पोरींचं. आमच्या वयाच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. पण आतली शिस्त कुठल्याही पागेत शोभावी अशी आहे. कारकीर्द तीन वर्षांची, एक चाल म्हणजे अर्धा महिना. दर चालीला ठरवायचं: सराव, शर्यत, फिरायला नेणं की विश्रांती. वाढवायच्या गोष्टी पाच: वेग, दम, ताकद, जिद्द, अक्कल.

नवखा इथेच फसतो. ऊर्जेची पट्टी खाली गेली की सराव फसण्याची शक्यता टक्क्यांत समोर लिहून येते. तीस टक्के दिसले की तो म्हणतो, सत्तर माझ्या बाजूला आहेत. मग दुखापत होते, मिजास बिघडते आणि पुढच्या चाली ते निस्तरण्यात जातात. जाणते खेळाडू अशा वेळी सरळ झोपू देतात, किंवा अकलेचा सराव घेतात, कारण त्यात थोडी ऊर्जा परत मिळते. लागोपाठ शर्यती मारल्या तरी तीच गत.

दुसरी चूक अंतराची. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारा आधी खूर बघतो, दात बघतो, चालवून बघतो. इथे ते सगळं अक्षरांत लिहिलेलं असतं: गवतावर कसा, मातीवर कसा, किती अंतराला चालेल. तेवढं न वाचताच पोरं नुसता वेग वाढवत बसतात. महालक्ष्मीवर १९४३ पासून होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची. एवढ्या लांबीला दम नसेल तर शेवटच्या वळणावर सगळा वेग मातीमोल. आणि पहिली कारकीर्द वाया गेली म्हणून रडू नये. हरलेली ती पोर पुढच्या पिढीला वारसा देते, तिचे गुण नवीकडे उतरतात.

या खेळात हारू उरारा आहे. खरी हारू उरारा जपानच्या कोची मैदानावर ११३ शर्यती पळाली आणि एकही जिंकली नाही. २००४ च्या मार्चमध्ये युताका ताके हा नामवंत जॉकी तिच्यावर बसला, तरी अकरा घोड्यांत ती दहावी आली. खेळातही ती मातीवरच्या छोट्या पल्ल्याची. पण अखेरीस तिला अरिमा किनेन ही गवतावरची २५०० मीटरची शर्यत पळावी लागते. नवखे तिथे हरतात, हटून पुन्हा बसतात. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्रजी खेळाडूंनी खऱ्या, म्हाताऱ्या हारू उराराच्या गवतासाठी देणग्या पाठवल्या. ९ सप्टेंबरला ती २९ व्या वर्षी पोटशूळानं गेली. खेळात अजून तिला अरिमा जिंकून देणारे आहेत. त्यासाठी आधी तिच्या वारशात गवत आणि लांब पल्ला भरावा लागतो, आणि त्यात इतर किती तरी कारकिर्दी खर्ची पडतात.