बूट पायाला बसवा, पाय बुटात कोंबू नका!

पोलीस, सैन्य, वनखाते, होमगार्ड, सुरक्षारक्षक अशा नोकऱ्यांत आपल्या घरांतील मुले जातात, मुलीही जातात. सुट्टीत सह्याद्रीतले गडकिल्ले चढणारे तरुणही घरोघरी आहेत. या सर्वांच्या पायांत घोट्याच्या वर जाणारे, जाड तळव्याचे फौजी वळणाचे बूट असतात. बाजारात त्यांना ‘टॅक्टिकल’ म्हणतात. पैसे साठवून घेतलेले हे बूट पहिल्याच आठवड्यात पाय सोलून काढतात. मुलगा लंगडत घरी येतो आणि घरचे म्हणतात, “फौजी बूट आहेत, थोडे लागणारच. सहन कर.” आमचे या समजुतीशीच भांडण आहे. पाय चांगला असेल तर प्रशिक्षण पूर्ण होते, आणि प्रशिक्षण पूर्ण झाले तर घर उभे राहते. तेव्हा हे दुखणे सहन करू नये, टाळावे.

नंबर फसवा असतो

आपल्याकडे सहसा ब्रिटिश नंबर चालतो. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर, आणि तो फक्त लांबीचा. रुंदीबद्दल नंबर काही सांगत नाही. खरी अडचण येथेच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा रुंद असतात, असे त्यातून दिसून आले. त्यातही ज्यांचे बालपण अनवाणी गेले, त्यांचा चवडा अधिक पसरट असतो.

असा पाय अरुंद बुटात मावत नाही, म्हणून माणूस एक नंबर मोठा घेतो. चवडा मावतो, पण मागे टाच सैल राहते. प्रत्येक पावलाला टाच वर-खाली घासते आणि फोड येतात. यावर उपाय एकच. नंबर वाढवण्याऐवजी रुंद फर्म्यावर बनवलेला बूट मागावा. मुलींनी तर अधिकच जपावे. पुष्कळ बूट पुरुषांच्या फर्म्यावर बनतात आणि मुलींची टाच त्यात सैल पडते.

दुकानात काय पाहावे?

बूट घ्यायला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगलेले असतात. जे मोजे घालून काम करायचे, तेच बरोबर न्यावेत. दोन्ही पाय सारखे नसतात, म्हणून दोन्ही बूट घालून पाहावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. लेस न बांधता पाय पुढे सरकवावा. बोटे टोकाला टेकली की टाचेमागे हाताचे एक बोट जावे. मग लेस बांधून दुकानाच्या पायऱ्या उतराव्यात. उतरताना बोटे पुढे आपटली तर तो बूट परत द्यावा. गड उतरताना नखे काळी पडतात ती याच कारणाने.

“वापरल्यावर सैल होईल” असे दुकानदार सांगेल. चामडे रुंदीला थोडे सैलावते हे खरे, पण लांबी कधीच वाढत नाही. थोरल्या भावाचे जुने बूट धाकट्याला देण्याची रीतही आवरती घ्यावी. ते बूट दुसऱ्याच्या पायाचा आकार घेऊन बसलेले असतात.

बूट मुरवावा कसा?

पहिले तीन-चार दिवस घरातच रोज तासभर घालावा. बिल जपून ठेवावे आणि तळवा स्वच्छ राखावा, म्हणजे बदलून घेता येईल. पुढच्या आठवड्यात बाजारहाटाला घालून जावे. त्यानंतर तीन-चार किलोमीटर चालावे आणि शेवटी पाठीवर वजन घ्यावे. जाड चामड्याच्या बुटाला दोन-तीन आठवडे लागतात, कापड आणि चामडे मिळून केलेल्या बुटाला त्याहून कमी. हजर व्हायच्या आदल्या दिवशी नवा बूट घेणे म्हणजे दुखणे विकत घेणे.

बूट पाण्यात भिजवून पायातच वाळवण्याचा जुना फौजी उपाय करू नये. ओला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला तर चामडे तडकते आणि तळव्याचा चिकटा सुटतो. आत वर्तमानपत्राचे कागद कोंबून सावलीत वाळवावा, कागद मधूनमधून बदलावेत.

टाच उचलली जात असेल तर घोट्याच्या वळणावर लेसला एकाऐवजी दोन पिळे द्यावेत. त्यामुळे चवड्यावर लेस सैल राहते आणि घोट्याशी घट्ट बसते.

मोजे आणि फोड

सुती मोजा घाम शोषून ओलाच राहतो. ओली कातडी मऊ पडते आणि लवकर सोलते. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा बरा. एक जोडी जवळ जादा असावी. चालताना एखाद्या जागी जळजळ जाणवली की तेथेच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावू म्हटले की उशीर झालेला असतो. आलेला फोड फोडू नये. पू किंवा लाली दिसली तर डॉक्टरांकडे जावे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री तळवे तपासावेत, कारण त्यांना जखम झाल्याचे कळतही नाही.

आणखी एक गोष्ट. वर्षानुवर्षे माळ्यावर ठेवलेले बूट वरून नवे दिसतात, पण अनेकांच्या तळव्यातील फोम दमट हवेने आतून कुजलेला असतो आणि ऐन चढणीवर तळवा गळून पडतो. असे बूट आधी घराजवळ चालून पाहावेत.

घरात मुलाच्या-मुलीच्या नोकरीचे पत्र आले की आनंदाने पेढे वाटले जातात. त्याच आठवड्यात बूटही घ्यावेत आणि ते मुरवायला पायांना तीन आठवडे द्यावेत, एवढेच आमचे सांगणे आहे.