जुन्या सायकलला गिअर : सोपे काय, अवघड काय?

देऊळगाव राजाहून सिंदखेड राजाकडे किंवा चिखलीच्या दिशेने सायकलने निघालेल्या माणसाला बुलडाण्याच्या पठारी मुलखाची ओळख पायांतूनच होते. घरातली काळी, उंच सायकल सपाट रस्त्यावर बिनतक्रार चालते. चढ लागला, त्यातच कॅरियरवर ओझे असले की उतरून ढकलावी लागते. म्हणून ती मोडीत काढण्यापूर्वी तिला गिअर बसविता येतील काय, याचा विचार अवश्य करावा.

या सायकलींना सर्वसाधारणपणे पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते आणि २८ इंची चाकाची सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. चढावर हेच अंतर कमी झाले तर पायांवरचा भार हलका होतो. गिअरचे सारे रहस्य एवढेच.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मागचे फ्रीव्हील बदलून २२ दात्यांचे बसविणे. एका फेऱ्याचे अंतर साडेचार मीटरच्या आसपास येते आणि श्रम सुमारे १८ टक्क्यांनी घटतात. साखळीला एकदोन कड्यांची भर घालावी लागते. सपाटीवरचा वेग मात्र कमी होतो.

दुसरा मार्ग साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या डिरेलरचा. टूर द फ्रान्स शर्यतीत त्याला १९३७ पर्यंत मनाई होती. आज तो सर्वत्र दिसतो. जुन्या सायकलला मात्र तो सहजी मानवत नाही. मागच्या चिमट्यातील जागा अरुंद असल्याने तो फाकवावा लागतो, डिरेलर अडकविण्यासाठी वेगळी पट्टी लागते, साखळी बारीक घ्यावी लागते आणि बंद चेनकव्हरही काढावे लागते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उघड्या साखळीत बसला की गिअर अडू लागतात.

तिसरा मार्ग हबच्या आतील गिअरचा. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ मध्ये आणलेल्या 'एडब्ल्यू' हबमध्ये तीन गिअर आहेत : मधला जसाच्या तसा, खालचा ७५ टक्के, वरचा १३३ टक्के. म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ४.१, ५.५ आणि ७.३ मीटर. सारी दातेरी चक्रे हबमध्ये बंद असल्याने धूळचिखलाचा त्रास कमी आणि जुनीच जाड साखळी चालते. हे नाव २००० पासून तैवानच्या सनरेस कंपनीकडे आहे.

यातही अडचण आहेच. आपल्या सायकलींच्या मागच्या रिमला बहुधा ४० छिद्रे असतात, तर आजच्या बहुतेक हबना ३६. त्यामुळे रिम, स्पोक नवे घेऊन चाक पुन्हा विणावे लागते व त्याचा आउट काढावा लागतो. रिमही रॉड ब्रेकला जुळणारीच हवी. अन्यथा मागचा ब्रेक बदलणे भाग पडते. एडब्ल्यू हबची तार नीट जुळलेली नसेल, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल अचानक रिकामे फिरते. उभे राहून जोर लावणाऱ्यास ते धोक्याचे ठरते.

म्हणूनच कोणताही मार्ग निवडला तरी आधी ब्रेक पाहावेत. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा लागतो आणि चढाइतकाच उतारही सायकलस्वाराच्या वाट्याला येतो. खर्च बेताचा असेल, तर फ्रीव्हील बदलून आरंभ करावा. सायकल रोजच्या लांब पल्ल्याची असेल, तरच हबचा खर्च सार्थ ठरेल.