शेंडेनक्षत्राची शेपटी

आकाशात धूमकेतू दिसला की जुनी माणसे म्हणत, "शेंडेनक्षत्र निघालं, आता काही खरं नाही." दुष्काळ पडेल, पटकी येईल, अशी भीती असे. भीती मुख्यतः शेपटीची. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा तर युरोप-अमेरिकेतली शिकलेली माणसेही घाबरली. शेपटीत विषारी वायू आहे आणि पृथ्वी त्यातून जाणार, असे बोलले गेले. मे महिन्यात ती वेळ आली नि गेली. कुणाला काही झाले नाही. शेपटी फारच विरळ असते.

मग ही शेपटी म्हणजे आहे तरी काय?

धूमकेतू हा बर्फाचा आणि धुळीचा गोळा. सूर्यापासून लांब असतो तोवर त्याला शेपटी नसते. जवळ आला की बर्फाची वाफ होते, धूळ सुटते, आणि शेपटी फुटते. आपल्याला वाटते, आगगाडीच्या धुरासारखी ती मागे राहत असेल. पण तसे नाही. शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते. धूमकेतू परत जायला निघाला की शेपटी पुढे आणि धूमकेतू मागे!

काटोल-उमरेडकडच्या खळ्यावरची उपणणी आठवा. (आता मळणीयंत्रे आली, पण सूप धरलेले हात पुष्कळांनी पाहिले आहेत.) वारा ज्या दिशेला, त्या दिशेला कुटार उडते. कुटार पाहून वारा कळतो. अगदी तसेच झाले. शेपटी पाहून जर्मनीतल्या बीअरमान नावाच्या शास्त्रज्ञाने १९५१ साली ताडले, की सूर्यापासून सतत काहीतरी वाहत असले पाहिजे. पुढे १९६२ साली अमेरिकेच्या मरिनर-२ यानाने ते मोजून दाखवले. त्याला सौरवारा म्हणतात.

हा वारा आपल्या वाऱ्यासारखा नाही. त्यात हवा नाही, विजेने भारलेले बारीक कण आहेत. वेग मात्र सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर. म्हणजे नागपूरहून निघाला तर दोन सेकंदांत मुंबई! पण तो इतका विरळ, की त्याने झाडाचे पानही हलणार नाही. मग शेपटी कशी हलते? या वाऱ्याबरोबर सूर्याची चुंबकशक्ती येते. उन्हाने धूमकेतूच्या वायूचे कणही विजेने भारले जातात. त्यांना ती चुंबकशक्ती ओढून नेते.

धुळीचे निराळे. तिला ऊनच हलकेसे रेटते. म्हणून ती रेंगाळते, आणि तिची शेपटी वाकडी होते. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू आला होता. त्याच्या फोटोंत दोन्ही शेपट्या वेगळ्या दिसतात: वायूची सरळ, निळी आणि धुळीची वाकडी, पांढुरकी.

कधी सूर्यावरून मोठा झोत उसळतो. एप्रिल २००७ मध्ये असा झोत एन्के धूमकेतूवर आदळला आणि त्याची शेपटी तुटून वाहून गेली! अंतराळातल्या दुर्बिणीने त्याची चित्रे घेतली. बिचाऱ्याला लगेच नवी शेपटी फुटू लागली.

आपल्या देशाचे आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटले. त्यावर सौरवारा मोजण्याची यंत्रे आहेत. नागपुरात गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे, तिथे मुलांना घेऊन जावे.

आणि धूमकेतू दिसलाच, तर शेपटी कुणीकडे आहे ते पाहावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये संध्याकाळी पश्चिमेला एक दिसला होता. सूर्य खाली बुडालेला, आणि शेपटी सरळ वर.