एक फळी, सहा विटा

घरी अभ्यासाला कुठं बसता? कॉटवर? पोटावर पडून? की टीव्हीसमोर, मांडीवर दप्तर घेऊन? खरं सांगा हं!

इथं कुंडलला माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचं अक्षर फार गिचमिड यायचं. मान दुखते म्हणायची. मी आपली रागवत राहिले. “उजेड डावीकडून घे,” असंही बजावलं. एका संध्याकाळी तिच्या घरी गेले, तर ती जमिनीवर वहीत नाक खुपसून लिहीत होती. दिवा डावीकडंच, मी सांगितल्याप्रमाणं. पण पोरगी डावखुरी! तिच्याच हाताची सावली वहीवर पडत होती. चूक माझी होती. उजव्या हातानं लिहिणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा, डावखुऱ्यांनी उजवीकडून.

टेबल-खुर्चीला पैसे नव्हते, ते लागलेही नाहीत. परड्यातल्या विटा दोन्ही बाजूंना तीन-तीन आडव्या रचल्या, पोत्यात गुंडाळल्या आणि वर फळी ठेवली. फळीखाली मांडी मावते. पण पहिल्यांदा ती उंच झाली; लिहिताना खांदे वर चढायला लागले. मग आजीनं बसायला वाकळेची घडी दिली आणि बेत जमला!

तुमचं माप तुम्हीच काढा. ताठ बसा, हात कोपरात वाकवा. फळी कोपराच्या पातळीला हवी. वही डोळ्यांपासून फूटभर तरी लांब. मोठ्या माणसाचं डोकं साधारण 5 किलोचं असतं. मान जितकी झुकेल, तितका तिच्यावरचा ताण वाढतो. म्हणून वाचायचं पुस्तक डब्याला टेकवून उभं करा. आई-बाबा, तुमचा मोबाईलसुद्धा असाच टेकवा बरं का! खुर्चीवर बसून पाय लोंबकळत असतील, तर खाली पाट घ्या.

आणि कितीही छान बसलात तरी तासन्‌तास बसू नका. दर 20 मिनिटांनी नजर उचलून लांबच्या झाडाकडं बघा, उठून पाय मोकळे करा. आपलं कुंडल पूर्वी औंध संस्थानात होतं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून मुलांना सूर्यनमस्कार घालायला लावले. त्याला तरी काय लागतं? अंगापुरती जागा!

आमच्या डावखुरीनं दिव्याची बाजू बदलली. मान आता दुखत नाही म्हणते. अक्षर? सुधारतंय. ‘ळ’ मात्र अजून आडवाच पडतो.