मातीला विरजण लावताय? मग हे वाचा!

दही कसं लावतात, हे तुम्हाला माहीत आहे. दूध तापवायचं, कोमट होऊ द्यायचं, चमचाभर विरजण घालायचं आणि भांडं रात्रभर हलवायचं नाही. विरजण उकळत्या दुधात घातलं तर सकाळी काय मिळतं, हे रूमवर स्वयंपाक करणाऱ्या अनेकांना ठाऊक असेल. पण तेव्हा ‘विरजण हा प्रकारच बोगस आहे’ असं कुणी म्हणत नाही.

भाजीपाल्याच्या शेतात मात्र तसंच म्हटलं जातं. जिवाणू खतं, ट्रायकोडर्मा, जीवामृत ही नावं आता गावोगावी पोहोचली आहेत. मोबाईलवर एखादं रील ‘टाका आणि चमत्कार बघा’ सांगतं, आणि गावातल्या पारावर ऐकू येतं, ‘वापरून बघितलं की! काय फरक नाय पडला.’ दोन्हीकडे एकच गोष्ट सुटते. त्या पाकिटात जिवंत जीव असतात आणि आपण त्यांना औषधासारखं वागवतो.

कोण काय करतं?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. वाटाणा, घेवडा, चवळी, गवार यांच्या मुळांवर रायझोबियम नावाचे जिवाणू गाठी करतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. १८८८ मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जिवाणू गाठींमधून वेगळे करून दाखवले. त्यांचं काम तुम्हालाही बघता येईल. फुलावर आलेलं वाटाण्याचं एक झाड अलगद उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर कारखाना चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर बंद.

टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या मुळांवर अशा गाठी होत नाहीत. तिथे अ‍ॅझोटोबॅक्टर वापरतात. हा जिवाणू मुळांजवळच्या मातीत मोकळा राहून थोडाफार नायट्रोजन बांधतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे दुकानातलं ‘पीएसबी’, आम्लं सोडून मातीत अडकून पडलेला स्फुरद मोकळा करतात. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद हमखास अडकतो, त्यामुळे तिथे त्यांना मोठं काम असतं.

जोडी चुकली तर मेहनत वाया जाते. वाटाण्याचं रायझोबियम चवळीला चालत नाही. मायकोरायझा ही बुरशी बहुतेक पिकांच्या मुळांशी मैत्री करते, पण कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या घराण्याशी तिचं जमत नाही. कोबीला मायकोरायझा घालणं म्हणजे पैसे मातीत घालणं, तेही शब्दशः!

खरी लढाई मर रोगाशी

जुन्नर-नारायणगाव किंवा नाशिक पट्ट्यातला कुणी मित्र असेल तर त्याला टोमॅटोचा खर्च विचारा. रोपं, मल्चिंग पेपर, ठिबक, बांबू, तार, सुतळी हा सगळा पैसा पहिलं फळ तोडण्याआधीच शेतात गेलेला असतो. अशा वेळी ऐन बहरातली झाडं एकेक करून माना टाकू लागली, की घरातल्या कुणाच्या तरी कॉलेजच्या फीचं गणितही बिघडतं.

ट्रायकोडर्माचं काम इथे आहे. ही हिरवी बुरशी रोग करणाऱ्या बुरशीच्या धाग्यांना वेटोळं घालते, विकरं सोडून त्यांची भिंत विरघळवते आणि त्यांना खाऊन टाकते. शिवाय मुळांभोवतीची जागा आधी अडवून बसते. पण ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बियाणं, रोपवाटिका, लावणी या टप्प्यांवर ती मातीत गेली पाहिजे. माना टाकलेल्या झाडाला ती उभं करू शकत नाही.

आणि प्रत्येक मर बुरशीचीच असते असंही नाही. कोकणात वांग्याला जिवाणूजन्य मर रोग खूप सतावतो. तो ओळखायची एक सोपी चाचणी आहे. सुकणाऱ्या झाडाच्या खोडाचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरा. काही मिनिटांत टोकातून दुधाळ धार खाली उतरली, तर रोग जिवाणूंचा आहे. धार नाही आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या, तर बुरशीचा संशय घ्यायचा. पक्कं निदान कृषी विज्ञान केंद्रात करून घ्या, पण दुकानात ‘काहीतरी द्या’ म्हणण्याआधी एवढं तरी बघता येतं.

मरतात कसे?

कृषी सेवा केंद्राच्या दारात, उन्हात पडलेलं खोकं आठवा. त्यातल्या जिवाणूंचं तिथेच निम्मं आयुष्य संपतं. पुढचा घाव घरी बसतो. सकाळी ट्रायकोडर्मा सोडलं आणि दोन दिवसांनी त्याच सरीत कार्बेन्डॅझिमची आळवणी केली, तर बुरशीनाशकाला मित्र-शत्रू कळत नाही. ते बुरशी मारतं, आणि ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे.

तिसरं कारण उपासमार. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या मातीत हे जीव टिकत नाहीत. म्हणून किलो-दोन किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळतात, ओलसर ठेवून सावलीत झाकतात आणि दहा-पंधरा दिवसांनी शेतात टाकतात. विरजण आधी मुरवायचं, मग लावायचं! सुभाष पाळेकरांनी प्रसार केलेल्या जीवामृतातही हाच विचार आहे. दोनशे लिटर पाण्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती दोन दिवस आंबवली, की गूळ-बेसनावर जिवाणू वाढतात. फक्त प्रत्येक पिंपात नेमके कोणते आणि किती, हे सारखं नसतं. त्यामुळे एका शेतातला अनुभव दुसऱ्या शेतात जसाच्या तसा येईलच असं नाही.

आणि एक गैरसमज. जिवाणू खत टाकलं म्हणून युरिया लगेच शून्यावर आणता येत नाही. खताची मात्रा माती परीक्षण करून हळूहळू कमी करायची. घाईत सगळं बंद केलं, पीक पिवळं पडलं, तर घरचे पुन्हा कधी या वाटेला जाणार नाहीत.

तुमचं काम इथे सुरू होतं

जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. भुकटीतल्या रायझोबियमचं प्रमाण एका ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत पेशी असं ठरलेलं आहे. ट्रायकोडर्माच्या पावडरसाठी हा आकडा ग्रॅमला किमान वीस लाख. हे मोजायचं कसं? मायक्रोबायोलॉजीवाल्यांनो, नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून प्लेटवर पसरायचा आणि कॉलनी मोजायच्या. तुमच्या जर्नलमधलं प्रॅक्टिकलच आहे हे! पुढच्या प्रोजेक्टला गावातल्या दुकानातली पाच पाकिटं आणा. तुमचा निकाल म्हणजे सरकारी पुरावा नव्हे, अधिकृत नमुना कृषी विभागाचा निरीक्षकच घेतो. पण कोणतं पाकीट मेलेलं आहे, हे घरच्यांना लावणीआधी कळलं तरी हंगाम वाचू शकतो.

सायन्सला नसलात तरी चालेल. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायला डिग्री लागत नाही. सुट्टीत घरी गेलात की ती वाचून दाखवा, एवढंच.

खरेदीला जाताना

* उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, पेशींची संख्या, पिकाचं नाव बघा. पक्की पावती घ्या.
* राज्यातली चारही कृषी विद्यापीठं (राहुरी, अकोला, परभणी, दापोली) आणि कृषी विज्ञान केंद्रं यांच्याकडे आधी चौकशी करा.
* पाकीट गाडीच्या डिकीत तापू देऊ नका. घरी सावलीत, थंड जागी ठेवा.
* बीजप्रक्रियेत रासायनिक औषध आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. साधारण प्रमाण किलोभर बियाण्याला ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम, जिवाणू खत २५ ग्रॅम. बी सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.
* पहिल्या वर्षी चारच सऱ्यांत वापरा, बाजूच्या चार तशाच ठेवा. फरक पडला की नाही, ते पारावर नको, शेतात बघा.