‘वऱ्हाड’ दोनदा का मोजलं जातं? एडिटरच्या हायलाइट रंगांचा खरा उपयोग

एडिटरचे रंग बदलणं म्हणजे वेळ घालवणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. काळी थीम लावली, झालं. पण तुमचा डेटा मराठीत असेल तर हायलाइटचा रंग हे तपासणीचं साधन आहे. कसं, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, तुम्ही अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यावर काम करताय. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. दर्यापूर, अकोट या तालुक्यांतल्या गावांत जाऊन तुम्ही चार-पाच मित्रांच्या मदतीने पाण्याबद्दल मुलाखती घेतल्या. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर उत्तरं मराठीत टाइप केली. आता सगळी एका फाइलमध्ये आहेत आणि ‘शेतकऱ्यांना’, ‘वऱ्हाड’ असे शब्द किती वेळा आले ते मोजायचंय. आकडा येतो, पण कमी येतो. आणि कमी आलाय हे कळतही नाही, कारण प्रोग्रॅम कुठलीच एरर देत नाही.

अडचण कुठे आहे?

‘वऱ्हाड’मधला तो आडव्या रेघेसारखा अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो.

१. खाली टिंब असलेला ऱ, मग पाय मोडायची खूण, मग ह. पूर्ण शब्द ६ संकेतांचा.
२. साधा र, पाय मोडायची खूण, मग ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह (युनिकोड क्रमांक २००डी), मग ह. पूर्ण शब्द ७ संकेतांचा: वर्‍हाड.
३. साधा र, त्याखाली वेगळा नुक्ता, मग पाय मोडायची खूण. हाही ७ संकेतांचा.

वाचताना तिन्ही सारखेच. संगणकाला मात्र हे तीन वेगळे शब्द. ‘एनएफसी’ नावाचं युनिकोड नॉर्मलायझेशन केलं की तिसरा प्रकार पहिल्यात मिसळतो. दुसरा मिसळत नाही, कारण नॉर्मलायझेशन जॉइनर काढून टाकत नाही. म्हणजे “मी नॉर्मलाइझ केलंय ना” एवढं पुरेसं नाही.

त्यात दर्यापूरची गंमत वेगळीच. तिथे रफार हवा. कुणी घाईत ‘दऱ्यापूर’ लिहिलं की तालुक्याची बेरीज दोन ठिकाणी फुटते.

रंग कुठे बदलायचा?

व्हीएस कोड धरून सांगतो. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा आणि युजर सेटिंग्जची जेसन फाइल उघडा. त्यात ‘वर्कबेंच’च्या ‘कलर कस्टमायझेशन्स’खाली दोन रंग महत्त्वाचे:

- ‘एडिटर’मधला ‘फाइंड मॅच बॅकग्राउंड’: सध्या ज्या सापडलेल्या जागेवर आहात तिचा रंग.
- ‘फाइंड मॅच हायलाइट बॅकग्राउंड’: बाकी सगळ्या सापडलेल्या जागांचा रंग.

रंग हॅशने सुरू होतो. पुढे दोन-दोन अक्षरं लाल, हिरवा, निळा यांची, आणि शेवटची दोन पारदर्शकतेची. दुसऱ्या रंगाला ती शेवटची दोन द्याच. ८० म्हणजे साधारण निम्मी पारदर्शकता. रंग पूर्ण गडद ठेवला तर खालच्या बाकीच्या खुणा झाकल्या जातात.

हे फक्त एकाच प्रकल्पापुरतं हवं असेल तर युजर सेटिंग्जऐवजी वर्कस्पेस सेटिंग्जमध्ये लिहा.

आता शोधपट्टी उघडून रेग्युलर एक्स्प्रेशनचं बटण चालू करा. पॅटर्न असा: र, पाय मोडायची खूण, रोमनमध्ये बॅकस्लॅश-यू-२००डी, आणि शेवटी एक टिंब. ते टिंब पुढचं कुठलंही अक्षर पकडतं. नुसता जॉइनर शोधला तर त्याला रुंदीच नाही, रंग चढणार कशावर? म्हणून शेजारची दिसणारी अक्षरं सोबत घ्यायची.

एक सावधगिरी. शब्दाची सीमा दाखवणारं बॅकस्लॅश-बी इथे वापरू नका. जावास्क्रिप्टच्या नियमात ते फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर यांनाच शब्दातलं अक्षर मानतं. ‘अकोला’च्या दोन्ही बाजूंना ते लावलं तर समोर अकोला दिसत असूनही शोध रिकामा येईल.

कोणता रंग निवडायचा?

लाल आणि हिरवा अशी जोडी टाळा. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, आपल्या प्रयोगशाळेत असूच शकतात, आणि तुमची फाइल उद्या तेच तपासतील. नारिंगी आणि आकाशी ही जोडी त्यामानाने सुरक्षित. आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातलं कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर किमान ४.५ : १ ठेवा. वेब सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी हाच आकडा आहे. देवनागरीत मात्रा आणि अनुस्वार बारीक असतात, भडक पट्ट्याखाली तेच आधी हरवतात.

रंग दिसला, पुढे काय?

लगेच ‘रिप्लेस ऑल’ दाबू नका. जॉइनर इतर जोडाक्षरांतही मुद्दाम वापरलेला असतो. फक्त ‘र’नंतरचा प्रकार बदलून ‘ऱ्’ करा, तोही मूळ फाइलच्या प्रतीवर. मूळ मुलाखतींना हात लावायचा नाही. आधी किती जागा रंगल्या, बदलल्यावर किती उरल्या, हे दोन आकडे वहीत नोंदवा. प्रबंधाच्या पद्धती या प्रकरणात ते एका वाक्यात येतील, आणि व्हायव्हाला “मोजणी कशी केली?” विचारलं तर उत्तर तयार असेल.

आजच करून बघा: तुमची एखादी जुनी मराठी फाइल उघडा, ‘ऱ्या’ असलेला एक शब्द शोधा, आणि वरचा पॅटर्न चालवून बघा. दोन मिनिटं लागतील. एकही जागा रंगली नाही तर दुसऱ्या प्रकारापुरती फाइल स्वच्छ आहे. रंगली, तर ती आकडा छापून येण्याआधी दिसली हे बरंच झालं.